गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात शुगर निघाली. उपाशीपोटी ८८, पण नाश्त्यानंतर दोन तासांनी १४६. नाश्ताच बंद करू का?

बंद नको, बदला. उपाशी राहिलात तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात, आणि पुढच्या जेवणाला भूक दुप्पट लागते. वारेतून (प्लॅसेंटातून) येणारी हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात, सकाळी त्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची भर. म्हणून दुपारी चालून जाणारे पोहे सकाळी आठला नडतात.

पोहे, साबुदाणा, चहा-बिस्किटं सकाळी नकोत. नाचणीचं पातळ सत्त्वही नको. पौष्टिक असलं तरी साखर झपाट्याने चढवतं. त्याऐवजी मुगाची दोन धिरडी आणि आत किसलेलं पनीर, किंवा एक छोटी ज्वारीची भाकरी आणि दोन नीट उकडलेली अंडी. फळ अकराला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर खाऊन झाल्यावर १०-१५ मिनिटं चाला.

मोजतानाही गफलत होते. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, ताट संपल्यापासून नव्हे. फळ कापून हात न धुता बोट टोचलं तर आकडा खोटा वाढतो.

उपाशीपोटी ९५च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत हवी. दोन आठवडे आहार पाळूनही वर राहिली तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतील. इन्सुलिनला घाबरू नका, ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वाढलेली साखर मात्र जाते.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते.