पहिली स्कॉच कोणती? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

स्कॉचविषयीच्या मागील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आजवर देशी व्हिस्कीच घेत आलो. आता पन्नाशीच्या निमित्ताने एक चांगली स्कॉच घ्यावी असे मनात आहे. दुकानदार म्हणतो, सिंगल माल्ट तेवढी खरी, बाकी सगळी मिसळ. हे खरे आहे का? (सुदामानगर, इंदूर)

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे नेमके त्याच्या नफ्याच्या बाजूचे आहे. मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पात्रांत, एकाच डिस्टिलरीत ऊर्ध्वपातन करून तयार केलेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात. येथे 'सिंगल' हा शब्द डिस्टिलरीला लागतो, पिंपाला नव्हे; एका बाटलीत त्याच डिस्टिलरीच्या शेकडो पिंपांतील व्हिस्की एकत्र केलेली असू शकते. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्टबरोबर ग्रेन व्हिस्कीही असते, म्हणजे गहू किंवा मका वापरून उंच स्तंभासारख्या यंत्रात अखंड गाळलेली, अंगाने हलकी व्हिस्की. दोन्ही प्रकारांना कायदा एकच आहे. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली असावी लागते, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत तेथेच किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते, आणि बाटलीत तिचे मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. पाणी आणि रंगासाठी साधे कॅरॅमल यांखेरीज तिच्यात काहीही घालता येत नाही. त्यामुळे ब्लेंडेड स्कॉचही पूर्णपणे स्कॉचच आहे. शिवाय 'मिसळ' हा शब्द मराठी माणसाने तुच्छतेने वापरावा, हे मला मुळीच पटत नाही.

आपण एका महागड्या सिंगल माल्टवर सगळे पैसे खर्च करू नयेत, असा माझा सल्ला आहे. एकच बाटली घेतली, तर ती आवडली किंवा आवडली नाही एवढेच कळते. का, हे कळत नाही. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल आणि शिवास रीगल १२ या दोन बाटल्या एखाद्या मित्राबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून घ्याव्यात. दोन्ही ब्लेंडेड आहेत आणि दोन्ही बारा वर्षांच्या आहेत. शेजारीशेजारी ठेवून वास घेतला की ब्लॅक लेबलमध्ये मागून एक धुराची रेघ येते, आणि शिवासमध्ये ती जवळजवळ नसून मध आणि पिकलेल्या फळांचा गोडवा पुढे असतो, हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात येईल. आपल्याला धूर हवा की नको, हे ठरले की पुढची निम्मी निवड झाली.

त्यानंतर तिसरी बाटली म्हणून जॉनी वॉकर ग्रीन लेबल आणावी. तिच्यात ग्रेन व्हिस्की नसते. अनेक डिस्टिलऱ्यांचे केवळ माल्ट एकत्र केलेले असतात आणि तिच्यावर पंधरा वर्षांचा उल्लेख असतो. ब्लॅक लेबलशेजारी ती ठेवली की तिचा दाटपणा जिभेला जाणवतो, आणि ग्रेन व्हिस्कीमुळे ब्लेंडला कसला हलकेपणा येतो, हे समजते. सिंगल माल्टकडे वळताना ग्लेनमॉरंजीची 'ओरिजिनल' आणि 'लसांता' ही जोडी मला सर्वांत शिकवणारी वाटते. डिस्टिलरी तीच, आठ मीटर उंचीची तीच प्रसिद्ध पात्रे. पण पहिली बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपांत मुरते, तर दुसरी तेथून काढून अखेरच्या काळात शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत ठेवतात. बर्बनच्या पिंपांमुळे व्हॅनिला, संत्र्याची साल, नारळ अशा छटा येतात. शेरीच्या पिंपांमुळे येणारा वास आपल्या घरांत ओळखीचा आहे : मनुका, खारीक आणि जायफळ एकाच डब्यात ठेवून दिवाळीपूर्वी त्याचे झाकण उघडावे, तसा. ग्लेनफिडिक १२ किंवा ग्लेनलिव्हेट १२ या बाटल्या अवश्य घ्याव्यात, परंतु त्या दोघी एकमेकींशेजारी ठेवून नवशिक्याला फारसे काही हाती लागत नाही. दोन्ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या, दोन्ही सौम्य, दोन्ही सफरचंद-नासपतीच्या वळणाच्या. तुलना करताना दोन बाटल्यांत एकच मोठा फरक असावा, आणि तो आधी माहीत असावा.

प्रश्न : बाटलीवरचा १२, १५, १८ हा आकडा जितका मोठा तितकी व्हिस्की चांगली, असे मानावे का? काही स्कॉच भारतातच बाटलीबंद होतात, त्या अस्सल असतात का? (राजेंद्रनगर, इंदूर)

तो आकडा बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो. त्या मिश्रणात वीस वर्षांची व्हिस्की असली आणि बारा वर्षांचा एक थेंब असला, तरी लेबलवर बाराच लिहावे लागते. वयाबरोबर लाकडाचा प्रभाव वाढतो, आणि तो काही व्हिस्कींना शोभतो, काहींना दडपतो. आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्की तारुण्यात अधिक जोमदार असतात, अठराव्या वर्षी त्यांचा धूर मवाळ झालेला असतो. वाढत्या किमतीचे मोठे कारण चवीपेक्षा वेगळे आहे : स्कॉटलंडच्या थंड हवेतसुद्धा दरवर्षी पिंपातील सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो, त्यामुळे जुने पिंप कमी भरलेले असते. बंगळुरूच्या उष्णतेत हाच तोटा दहा टक्क्यांच्या वर जातो, आणि म्हणूनच आपल्याकडची चांगली सिंगल माल्ट चार-पाच वर्षांतच परिपक्व वाटते. तिला स्कॉचच्या वयाचे माप लावणे अन्यायाचे आहे.

रंगावरून तर काहीच ठरवू नये. कॅरॅमलने रंग गडद करता येतो. जर्मनीत रंग घातल्याचे लेबलवर लिहावे लागते.

भारतात बाटलीबंद होणाऱ्या स्कॉच अस्सल असतात. टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ यांची व्हिस्की तिकडे मुरवून मोठ्या साठ्याने येथे आणतात आणि बाटलीत भरतात. त्यामुळे त्या स्वस्त पडतात, आणि सोड्याबरोबर घ्यायच्या असतील तर त्यांत काहीही उणे नाही. सिंगल माल्टला मात्र ही सवलत नाही. नोव्हेंबर २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. काही भारतीय व्हिस्कींच्या लेबलवर 'आयात केलेल्या स्कॉच माल्टचे मिश्रण' अशा अर्थाचा मजकूर ठळक अक्षरांत असतो. त्या बाटलीत स्कॉच माल्टचा काही अंश असतो आणि उरलेले भारतीय स्पिरिट असते, धान्यापासून किंवा मळीपासून केलेले. ती स्कॉच नव्हे. लेबलवर 'स्कॉच व्हिस्की' हे दोन शब्द जोडून आणि प्रकारासह आहेत का, एवढे पाहावे. मद्यार्काचा ४२.८ हा विचित्र आकडा पाहून मात्र शंका घेऊ नये. जुन्या ब्रिटिश मापातील ७५ अंश प्रूफचे ते रूपांतर आहे आणि आपल्या देशात ते टिकून राहिले आहे.

प्रश्न : मेहुण्यांनी परदेशातून लाफ्रॉइगची बाटली आणली. उघडताच दवाखान्यासारखा वास आला. बाटली बिघडली आहे का? (लष्कर, ग्वाल्हेर)

बाटली उत्तम आहे, आणि आपले नाकही. लाफ्रॉइग ही आयला बेटावरची. बेटाच्या इंग्रजी नावातील (Islay) 'एस' उच्चारत नाहीत, म्हणून दुकानात 'इस्ले' म्हणून मागू नये, एवढेच. मोड आलेली बार्ली वाळवताना तेथे पीट जाळतात. शतकानुशतके दलदलीत कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींचे हे थर विटांसारखे कापून वाळवतात. त्याच्या धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये दाण्याला चिकटतात आणि त्यांचा वास जंतुनाशकासारखा, आयोडीनसारखा येतो. साम्य केवळ भासाचे नाही. फिनॉल हे एके काळी शस्त्रक्रियेतील जंतुनाशकच होते.

पीटच्या धुराचे प्रमाण फिनॉल दशलक्ष भागांत किती, असे मोजतात. लाफ्रॉइगच्या बार्लीत ते साधारण ४० ते ४५, लॅगावुलिनच्या ३५ च्या आसपास, आर्डबेगच्या ५५ च्या जवळ असते. हे माप बार्लीचे आहे, व्हिस्कीचे नव्हे. ऊर्ध्वपातनात त्यातील बराचसा भाग मागे राहतो, आणि किती राहतो हे प्रत्येक डिस्टिलरीच्या पद्धतीवर अवलंबून असते. म्हणून निव्वळ आकड्यांची स्पर्धा निरर्थक आहे.

आपण बाटली परत कपाटात ठेवावी आणि दोन-तीन महिने मध्यम धुराची एखादी व्हिस्की घ्यावी, उदाहरणार्थ ऑर्कनी बेटांवरची हायलंड पार्क १२ किंवा स्काय बेटावरची टॅलिस्कर १०. टॅलिस्करमध्ये धुराबरोबर मिरीचा तिखटपणा आणि थोडा खारेपणाही आहे. नंतर लाफ्रॉइग चमचाभर पाण्यासह पुन्हा उघडावी. मला स्वतःला ती तिसऱ्या खेपेला आवडली. ज्यांना पाचव्या खेपेलाही आवडत नाही त्यांनी ती मेहुण्यांनाच परत पाजावी. धूर आवडणे ही अभिरुचीची परीक्षा नाही.

प्रश्न : आम्ही बडोद्याचे. येथे दारूबंदी. इंदूरला सासुरवाडी आहे, तेथून एखादी बाटली आणली तर चालेल का? (बडोदे)

चालणार नाही. गुजरातेत परवान्याशिवाय मद्य बाळगणेही गुन्हा आहे, त्यामुळे मध्य प्रदेशाच्या सीमेवरील पिटोलच्या पुढे बाटली नेण्याचा विचार सोडून द्यावा. सासुरवाडीस आल्यावर तेथेच चव घ्यावी, टिपण वहीत करावे आणि वही बडोद्यास न्यावी.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा बसतो. तुलना करून प्यायची तर पद्धत काय? पाणी, बर्फ, सोडा? आणि चकण्याला काय ठेवावे? (तिलकनगर, इंदूर)

प्रथम प्रमाण. प्रत्येकी चार नमुने, प्रत्येक नमुना १५ मिलिलिटर. म्हणजे सगळे मिळून एक मोठा पेग. याहून अधिक घेतल्यास चौथ्या नमुन्याविषयीचे मत विश्वसनीय राहत नाही, हे आपण अनुभवाने जाणत असालच. परत जाताना गाडी चालवणाऱ्याने केवळ वास घ्यावा. या खेळात निम्म्याहून अधिक काम नाकाचेच आहे.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास याच कामासाठी केलेला आहे, पण तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. आपल्याकडचा रुंद तोंडाचा ग्लास बर्फासाठी सोयीचा असला, तरी त्यातून वास निसटून जातो. नाक एकदम ग्लासात खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून दुरून जवळ आणावे, नाहीतर मद्यार्काचा झटका बसून पुढची पाच मिनिटे वाया जातात.

पहिला घोट तसाच घ्यावा, नंतर खोलीच्या तापमानाचे, वास नसलेले पाणी थेंबाथेंबाने घालावे. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, हा समज सोडावा. व्हिस्कींचे मिश्रण ठरवणारी ब्लेंडर मंडळी स्वतः नमुना २० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत पाणी घालून हुंगतात. २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की पाण्याने मद्यार्क कमी झाल्यावर ग्वायकॉल हे धुरकट वासाचे द्रव्य पृष्ठभागाकडे येते. बर्फाने मात्र वास मिटतो आणि जीभ बधिर होते, म्हणून तुलनेच्या वेळी तो नको. सोड्याचे वेगळे. मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा गच्चीवरची फरशी तापलेली असते, तेव्हा हंड्रेड पायपर्समध्ये गार सोडा घालून पिणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. फक्त ती तुलना नव्हे, ती संध्याकाळ.

बाटल्यांचा क्रम सौम्याकडून धुरकटाकडे ठेवावा. शक्यतो एकाने दुसऱ्या खोलीत ग्लास भरून त्यांवर क्रमांक घालावेत. लेबल दिसत नसताना महाग बाटली ओळखता येते असे म्हणणाऱ्यांची आमच्या बैठकीत अनेकदा पंचाईत झाली आहे, आणि त्यांत मीही होतो.

आता चकणा. इंदूरच्या माणसाला सेव दूर ठेवायला सांगणे कठीण, हे मी जाणतो. परंतु लवंग आणि लसूण घातलेली सेव तोंडात असताना पंधरा वर्षांची माल्ट आणि रस्त्यावरची कोणतीही बाटली यांत फरक उरत नाही. तुलना संपेपर्यंत साधे भाजलेले शेंगदाणे, बिनमसाल्याचा पाव आणि पाणी एवढेच ठेवावे. नंतर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जावे.

प्रश्न : ब्रिटनबरोबर करार झाल्याने स्कॉच निम्म्या किमतीत मिळेल, असे ऐकतो. थांबावे का? आणि माझ्या वडिलांनी, ते लष्करात होते, १९८५ मध्ये कँटीनमधून घेतलेली बारा वर्षांची बाटली तशीच ठेवली आहे. ती आता पन्नास वर्षांची झाली का? (महू)

जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या करारात सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. परंतु हे शुल्क आयातीच्या मूळ किमतीवर बसते, आणि दुकानातील किमतीचा मोठा भाग राज्याचा अबकारी कर आणि विक्रेत्यांचे नफे यांचा असतो. त्यामुळे शुल्क निम्मे झाले तरी बाटली निम्म्या किमतीत येणार नाही. थांबू नये. मात्र 'ड्यूटी फ्रीची आहे' म्हणून ओळखीच्या ओळखीने येणारी स्वस्त बाटली टाळावी. अशी एक मी पूर्वी घेतली होती. लेबल निर्दोष होते, आतला ऐवज मात्र रंगीत स्पिरिटचा होता. रिकाम्या अस्सल बाटल्या पुन्हा भरल्या जातात, म्हणून आपली संपलेली बाटली भंगारात देण्यापूर्वी लेबल फाडून टाकावे.

वडिलांच्या बाटलीचे वय बाराच आहे. व्हिस्की लाकडात वयात येते, काचेत नाही. पण ती उभी आणि अंधारात ठेवली असेल आणि पातळी खांद्याच्या खाली उतरली नसेल, तर ती पिण्याजोगी असण्याची शक्यता पुष्कळ आहे. आडवी ठेवली असल्यास तीव्र मद्यार्काने बूच खाल्ले असेल. इतक्या वर्षांनी बूच बहुधा अर्ध्यात तुटते, तेव्हा उघडण्यापूर्वी धुतलेली, कोरडी दुसरी बाटली आणि मलमलीचा स्वच्छ तुकडा हाताशी ठेवावा. चहाच्या गाळणीने गाळू नये. तिचा वास जात नाही.