हरणाऱ्या संघात नेमकं काय बघायचं? इंडियानाच्या तीन हिवाळ्यांवरून

तुम्ही लिहिलंय की ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकायला आल्यापासून घरातल्या दोन मित्रांचं विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावरून रोज वाजतं. एकाचं म्हणणं, कोच नवा आहे, संघ नव्याने बांधला जातोय, तीन वर्षं कुणी तोंड उघडू नये. दुसऱ्याचं म्हणणं, या माणसाची खेळवायची पद्धतच चुकीची आहे, वेळ देऊन काय होणार? आणि हरणारा संघ बघताना नक्की काय बघायचं, हे तुम्हाला कळत नाही.

मी पुण्याच्या कमिन्स कंपनीतून २००७ साली इंडियानातल्याच कोलंबसला आलो. तिथून ब्लूमिंग्टनला राज्य मार्ग ४६ जातो, वाटेत ब्राउन काउंटीचे डोंगर लागतात, तासाभराचा रस्ता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पहिल्यांदा असेंब्ली हॉलला, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानावर, नेलं आणि मी कायमचा अडकलो. पण माझं नशीब असं की मला हा खेळ नीट कळायला लागला तो नेमका इंडियानाच्या सगळ्यात वाईट काळात. २००८ ते २०११. त्या तीन हंगामांत संघाने २८ सामने जिंकले आणि ६६ हरले. त्यातले बरेच मी वरच्या बाल्कनीत बसून बघितले. त्यामुळे तुमच्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. खेळाडूंच्या बाबतीत धीर धरायचा. पद्धतीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवायचे. तुमचा पहिला मित्र या दोन गोष्टी एकत्र करतो. दुसराही तेच करतो, फक्त उलट्या बाजूने.

आधी त्या काळात काय झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय हे पटणार नाही.

कोच केल्विन सॅम्पसन २००६ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातून इंडियानाला आले. तिथे असताना भावी खेळाडूंना नियमाबाहेर फोन केल्याबद्दल त्यांच्यावर बंधनं आली होती. इथे येऊन तीच चूक पुन्हा झाली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये, हंगाम चालू असतानाच, त्यांना जावं लागलं. संघ त्या वर्षी चांगला होता, २५ सामने जिंकलेला. पण एरिक गॉर्डन एनबीएला गेला, डी. जे. व्हाइटचं शिक्षण संपलं, काहींना काढलं, काही स्वतःहून निघून गेले. एप्रिलमध्ये मार्केट (Marquette) विद्यापीठातून टॉम क्रीन नवे कोच म्हणून आले तेव्हा आदल्या वर्षीच्या संघातले जेमतेम दोन जण उरले होते, आणि त्या दोघांचीही सुरुवात शिष्यवृत्तीशिवाय, चाचणी देऊन संघात शिरलेले खेळाडू म्हणून झालेली. १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ असे पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे छताला लटकताहेत आणि खाली दोन पोरं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिल्या वर्षी ६ विजय, २५ पराभव. बिग टेन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे इंडियाना ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्यात, १८ पैकी एकच सामना जिंकला, आयोवाविरुद्ध. दुसऱ्या वर्षी १० विजय, २१ पराभव. तिसऱ्या वर्षी १२ आणि २०. आता एक बघा. कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या वर्षी ४ विजय होते, तिसऱ्या वर्षी ३. म्हणजे तक्ता बघणाऱ्याच्या हिशोबाने तिसऱ्या वर्षी संघ मागे गेला होता. ‘तीन वर्षं द्या’ असं म्हणणाऱ्यांची मुदतही संपली होती. तक्त्यावर निर्णय झाला असता तर क्रीनना मार्च २०११ मध्ये घरी पाठवायला कुणाचीच हरकत नव्हती.

पण जो माणूस सामने बघत होता त्याला वेगळं दिसत होतं. त्याच तिसऱ्या वर्षी व्हिक्टर ओलाडिपो पहिल्या वर्षाला होता. फार गाजावाजा नसलेला मुलगा, बाहेरून फेक कच्ची, चेंडू घेऊन धावताना गडबडायचा. पण बचावात त्याचे पाय थांबायचे नाहीत. त्याच्याबरोबर विल शीही आलेला. त्याआधीच्या वर्षी ब्लूमिंग्टनचाच जॉर्डन हल्स आणि अलाबामाचा क्रिश्चन वॉटफर्ड आले होते. याच गटातला मॉरिस क्रीक सामन्याला सरासरी १६ गुणांच्या वर करत असताना डिसेंबर २००९ मध्ये गुडघ्याची वाटी फुटून बाहेर गेला. त्यानंतर त्याच्यामागे दुखापतींची रांगच लागली. हा मुलगा धडधाकट राहिला असता तर दुसरं आणि तिसरं वर्ष कसं दिसलं असतं, याचा विचार मी आजही करतो. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टन नावाच्या इंडियानातल्याच छोट्या गावातल्या कोडी झेलरने जाहीर केलं की तो इंडियानाला येणार. त्याचा एक भाऊ नोत्र दाम विद्यापीठाकडून खेळलेला, दुसरा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून. क्रीनच्या तिसऱ्या वर्षातला सगळ्यात मोठा विजय तो होता आणि तो कुठल्याही गुणफलकावर लागला नाही.

आता पद्धतीकडे येतो, कारण तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा तिथे आहे.

कोचची शैली म्हणजे तो बाजूच्या रेषेवर किती ओरडतो हे नव्हे. चेंडू वेगाने पुढे न्यायचा की शॉट क्लॉक (फेक करायला मिळणारा ठरलेला वेळ) संपत येईपर्यंत थांबायचं, बचाव मॅन-टू-मॅन (एकाने एकाला धरून) करायचा की झोन (मैदानातली जागा वाटून घेऊन), आठ जणांवर भिस्त ठेवायची की दहा जणांना खेळवायचं, आणि चूक करणाऱ्या पोराला लगेच बेंचवर बसवायचं की चूक पचवून खेळू द्यायचं, या सगळ्याला शैली म्हणतात. क्रीनना वेग आणि मोकळी जागा हवी असायची, बाहेरून तीन गुणांची फेक आवडायची. पण त्यांची मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. ते डिफ्लेक्शन मोजायचे. प्रतिस्पर्ध्याच्या पासला हात लागला, ड्रिबल करताना चेंडूला बोट लागलं, शॉट जरासा ढळला, की नोंद. चेंडू आपल्याकडे आला नाही तरी चालेल, हात लागला पाहिजे.

याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. उंची विकत मिळत नाही, नेम एका वर्षात येत नाही. पण चेंडूला हात लावायला यातलं काहीच लागत नाही. पाय हलते हवेत, हात वर हवेत आणि समोरचा काय करणार याचा अंदाज हवा. म्हणजे दुबळा संघसुद्धा ज्यात बलाढ्य संघाच्या बरोबरीने उतरू शकतो अशी ही गोष्ट आहे. म्हणूनच हरणाऱ्या संघाचा कोच बरा की वाईट हे ओळखायचं असेल तर मी गुणवत्तेवर न अवलंबणाऱ्या गोष्टी बघतो. शॉट चुकल्यावर पाचही जण परत धावतात का? रिबाउंडच्या वेळी, म्हणजे चुकून परतलेला चेंडू पकडताना, अंगाला अंग लावून समोरच्याला मागे ढकलतात का? टाइमआउटनंतरचा पहिला डाव नीट आखलेला वाटतो का? आणि हंगामाच्या सुरुवातीची, नोव्हेंबरमधली चूक शेवटाकडे, फेब्रुवारीत तशीच्या तशी होते का? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबरमधली चूक खेळाडूची असते. तीच चूक फेब्रुवारीत दिसली तर ती माझ्या लेखी कोचची.

या मापाने क्रीनचा तिसरा हंगाम पहिल्यापेक्षा खूपच बरा होता, विजय कितीही कमी दिसोत.

आणि मग १० डिसेंबर २०११. देशात पहिल्या क्रमांकाचा केंटकी विद्यापीठाचा संघ असेंब्ली हॉलमध्ये. त्यांच्याकडे अँथनी डेव्हिससारखा तगडा खेळाडू. शेवटचे पाच-सहा सेकंद, आपण ७०, ते ७२. व्हर्डेल जोन्स चेंडू घेऊन पुढे आला आणि त्याने मागून येणाऱ्या वॉटफर्डकडे पास दिला. वॉटफर्डने तीन गुणांची फेक केली, भोंगा वाजला, चेंडू आत. ७३-७२. सगळं सभागृह मैदानात उतरलं. फोटोत सगळ्यांना वॉटफर्ड दिसतो. मला त्या क्षणात जोन्स दिसतो. तो पहिल्या वर्षीच्या, त्या ६ आणि २५ वाल्या संघातला. तीन वर्षं हरला होता आणि शेवटच्या सेकंदाला स्वतः फेक मारायचा मोह त्याने टाळला. त्याच मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या स्पर्धेत त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि ज्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तो चार वर्षं झिजला ती त्याला बाहेर बसून बघावी लागली. मला हे आजही लागतं. केंटकीने त्या वर्षी दोनच सामने गमावले आणि विजेतेपद नेलं. वाटेत १०२-९० ने आपल्यालाच घरी पाठवलं. इंडियानाचा हंगाम २७ विजय, ९ पराभव असा संपला.

इथपर्यंत तुमचा पहिला मित्र खूश होईल. म्हणून पुढचं त्याला नक्की वाचायला द्या.

आम्ही जे क्रीनच्या पाठीशी त्या वाईट काळात उभे राहिलो, आमच्याकडून एक चूक झाली. संघ उभा राहिल्यावरही आम्ही ‘त्याने शून्यातून उभं केलं’ हेच वाक्य धरून बसलो आणि पद्धतीवरची टीका ऐकूनच घेईनासे झालो. २०१२-१३ मध्ये आपण हंगामाच्या सुरुवातीला देशात पहिल्या क्रमांकावर होतो, बिग टेनचं विजेतेपद एकट्याने जिंकलं. मग राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळा संघांत सिरॅक्यूज विद्यापीठ समोर आलं. त्यांचा पुढे दोन, मागे तीन असा झोन, पुढे लांब हातांचे उंच गार्ड, आणि चेंडू पुढे नेणारे आपले दोन बुटके गार्ड त्यांच्यावरून पासच देऊ शकेनात. ६१-५० ने हरलो. त्या संघातून ओलाडिपो एनबीएच्या निवडीत दुसरा गेला आणि झेलर चौथा! एवढी गुणवत्ता हाताशी असताना ५० गुण. तेव्हा खेळाडू कमी पडले असं कुणी म्हणू शकत नव्हतं. सिरॅक्यूज वर्षानुवर्षं तोच झोन खेळत आलेलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तयारी कोचने करायची होती.

त्यानंतर चेंडू सहज गमावण्याची (टर्नओव्हरची) खोडही वर्षामागून वर्षं दिसत राहिली. २०१६ मध्ये योगी फेरेलच्या संघाने पुन्हा बिग टेन जिंकलं, केंटकीला राष्ट्रीय स्पर्धेत हरवलं, त्याचं श्रेय क्रीनना आहेच. पण पुढच्याच वर्षी १८ विजय, १६ पराभव झाले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांना काढलं. टर्नओव्हरचा प्रश्न आम्ही मोठ्याने विचारायला हवा होता तो २०१२ मध्ये, जिंकत असताना. आम्ही विचारला हरायला लागल्यावर, तेव्हा तो नुसता राग वाटला.

इंडियानाचे जुने कोच बॉब नाइट यांच्याशी तुलना करणारे तुम्हाला भेटतीलच. नाइटनी १९७६ मध्ये ३२ सामन्यांत एकही न हरता विजेतेपद मिळवलं, त्यांचा मोशन ऑफेन्स (सगळ्यांनी सतत जागा बदलत केलेला हल्ला) आणि चिवट मॅन-टू-मॅन बचाव हा इथल्या जुन्या लोकांचा धर्म आहे. त्या तुलनेत फार अडकू नका. ज्या काळात पोरगा चार वर्षं एकाच कोचकडे राहायचा त्या काळातली ती पद्धत.

कारण आता सगळं बदललंय, आणि ‘तीन वर्षं द्या’ हे माप मलाही आता जसंच्या तसं लावता येत नाही. २०२१ पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून वर्षभर न बसता खेळू शकतो, २०२४ पासून कितीही वेळा. २०२१ मध्येच स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजच थेट पैसे देऊ लागली. लुइव्हिल विद्यापीठ बघा, इथून दोन तासांच्या आत आहे. १९८६ च्या विजेत्या संघातला त्यांचा लाडका खेळाडू केनी पेन कोच झाला, दोन वर्षांत १२ विजय, ५२ पराभव. मग २०२४ मध्ये पॅट केल्सी आले, जवळजवळ पूर्ण नवा संघ गोळा केला आणि पहिल्याच हंगामात २७ विजय, ८ पराभव. पण घाईघाईने ‘म्हणजे पैसे टाका आणि संघ उभा करा’ असं म्हणू नका. पी हळद आणि हो गोरी, असं ते नव्हतं. केल्सीना आपण काय खेळणार हे आधीच माहीत होतं. विस्कॉन्सिनचा अनुभवी गार्ड चकी हेपबर्न आणला, चार्ल्सटनहून स्वतःबरोबर तीन गुणांचा पक्का नेमबाज रेन स्मिथ आणला. पद्धत आधी ठरली होती, माणसं तिच्यात बसणारी शोधली. पेनच्या दोन वर्षांत मी जेवढे सामने पाहिले त्यांत हा संघ कसा खेळू पाहतोय हेच मला ओळखता आलं नाही. माझ्या दृष्टीने खरा फरक तिथे होता.

म्हणून आपल्याकडे २०२५ मध्ये डॅरियन डेव्रीज कोच म्हणून आले आणि जवळजवळ अख्खा संघ नवा झाला, तेव्हा मी विजयांचा अंदाज कुणाला सांगितला नाही. आजच्या नियमांत मी खेळाडू जमवायला कोचला दोन उन्हाळे देईन. पहिल्या उन्हाळ्यात तो मिळेल ते घेतो, दुसऱ्यात हवं ते शोधतो. पण पद्धत मला पहिल्या हंगामातल्या जानेवारीपर्यंत दिसायला हवी.

तुम्ही विचारलंय की सामना बघताना काय बघू. विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त पडतं, तर टीव्हीवर बघू नका, प्रत्यक्ष जा, आणि शक्यतो वरची जागा घ्या. असेंब्ली हॉलची बाल्कनी इतकी उभी आहे की मैदान नकाशासारखं दिसतं. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. ज्याच्याकडे चेंडू नाही अशा एकाच खेळाडूवर नजर ठेवा. तो उभा आहे की जागा बदलतोय, बचावात मान वळवून मागे बघतोय का, शेजारच्याला ओरडून काही सांगतोय का, हे बघा. मग जानेवारीत त्याच खेळाडूवर पुन्हा दहा मिनिटं नजर ठेवा. दोन्ही मित्रांना बरोबर न्या, पण दोघांना एकच खेळाडू बघायला द्या आणि घरी येईपर्यंत आकडे काढू देऊ नका.