पावसात, सॅकमध्ये आणि वाळूत टिकणारा ई-रीडर

प्रश्न : मी नाशिकला राहतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा सह्याद्रीत भटकतो. हरिश्चंद्रगड, रतनगड अशा ठिकाणी मुक्काम असला की झोपण्यापूर्वी काही पाने वाचण्याची सवय आहे. पावसाळ्यात कागदी पुस्तक ओले होते आणि मोबाइलची बॅटरी मी अडीअडचणीसाठी राखून ठेवतो, म्हणून ई-रीडर घ्यायचे ठरवले आहे. दुकानदार म्हणतात, ‘वॉटरप्रूफ घ्या, म्हणजे झाले.’ तेवढे पुरेसे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरेसे नाही. ट्रेकवर ई-रीडरला पाण्यापेक्षा दाबाचा धोका मोठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ई-इंक पडद्याच्या (म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या) तळाशी बहुतेक यंत्रांत अतिशय पातळ काचेचा थर असतो. सॅकचे पट्टे आवळताना स्टोव्हचा कोपरा किंवा पाण्याची बाटली त्यावर रुतली, अथवा थकल्यावर कोणी सॅकवरच बसले, तर बाहेरून ओरखडाही न दिसता आतली काच तडकते आणि पानाच्या अर्ध्या भागावर न हटणाऱ्या रेघा उमटतात. असा पडदा बदलण्याचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जातो. काचेऐवजी लवचीक प्लास्टिकचा तळ असलेले पडदेही निघाले आहेत. कोबो कंपनीच्या २०१८ च्या फॉर्मा या ई-रीडरमध्ये तसा पडदा होता. परंतु ते मुख्यतः मोठ्या आकाराच्या आणि महाग यंत्रांत आढळतात.

म्हणून यंत्राच्या किमतीबरोबरच कडक पाठीच्या, पडदा पूर्ण झाकणाऱ्या कव्हरची किंमत धरूनच हिशेब करावा. मऊ कापडी पिशवी ओरखडे टाळते, दाब अडवत नाही. सॅकमध्ये ई-रीडर पाठीला लागून असलेल्या कप्प्यात, कपड्यांच्या दोन थरांच्या मध्ये ठेवावा. बाहेरच्या खिशात किंवा सॅकच्या टोपात कधीही ठेवू नये, कारण सॅक जमिनीवर टाकताना पहिला आघात तिथेच बसतो.

आता पाण्याविषयी. खोक्यावर ‘आयपीएक्स८’ असा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो, त्यातला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही आणि ‘८’ म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंत यंत्र पाण्यात बुडवून तपासले आहे. अ‍ॅमेझॉनचा किंडल पेपरव्हाइट आणि कोबोचा क्लारा बीडब्ल्यू या ई-रीडरच्या बाबतीत ही मर्यादा २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटे अशी आहे. ‘आयपीएक्स७’ म्हणजे १ मीटर खोलीत ३० मिनिटे. या चाचण्या स्थिर पाण्यातल्या आहेत. जोराने आदळणाऱ्या पाण्याचे अंक वेगळे असतात. त्यामुळे अचानक सर आली किंवा ओढ्यात यंत्र पडले तर ते शाबूत राहण्याची चांगली शक्यता आहे, पण धबधब्याखाली किंवा दाबाच्या नळाखाली धरण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. शिवाय ही चाचणी नव्या यंत्राची असते. एकदा कातळावर जोरात आपटलेल्या यंत्राचे सांधे पूर्वीइतके घट्ट राहिले असतील, असे गृहीत धरू नये. किंडलचे सर्वांत स्वस्त, साधे मॉडेल जलरोधक नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे; ते १५८ ग्रॅमचे असल्यामुळे मोह होतो, पण पावसाळी भटकंतीसाठी मी ते सुचवणार नाही. रेन कव्हर असूनही यंत्र झिपलॉक पिशवीत घालावे.

सहसा कोणी विचारत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पान उलटण्याची बटणे. पडद्यावर पावसाचे थेंब पडले की स्पर्श समजून पाने आपोआप पुढे सरकतात आणि ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही. कोबो लिब्रासारख्या यंत्रांना बटणे आहेत आणि पावसात किंवा हातमोजे घालून वाचणाऱ्याला त्यांचा खरा उपयोग होतो. क्लाराला बटणे नाहीत. पण ती १७४ ग्रॅमची आहे आणि २०२४ पासून कोबोने आयफिक्सिट या संस्थेबरोबर दुरुस्तीचे भाग आणि सूचना उपलब्ध करून दिल्याने मला ती दीर्घकाळ वापरासाठी आवडते. मात्र बाहेरून मागवलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात लागू होते का, हे पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तशी हमी मिळत नसेल, तर आपल्यासाठी पेपरव्हाइट आणि चांगले कडक कव्हर हीच सुरक्षित निवड ठरेल. बॅटरीची काळजी नको: पान बदलतानाच पडदा वीज घेतो. वाय-फाय बंद आणि दिवा मंद ठेवला, तर लांब पल्ल्याच्या ट्रेकलाही एक चार्जिंग पुरते. पुस्तके मात्र घरूनच उतरवून घ्यावीत. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचायच्या असतील, तर ६ इंची पडद्यावर जोडाक्षरे फार बारीक दिसतात. त्यासाठी ७ इंच बरा.

प्रश्न : आम्ही मालवणजवळ राहतो. समुद्रकिनाऱ्यावर जलरोधक ई-रीडर निर्धास्त वापरता येईल का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : निर्धास्त नाही. चाचणी मुख्यतः गोड्या पाण्याची असते; खारे पाणी चार्जिंगच्या खाचेतील धातूला गंजवते. लाटेचे पाणी उडालेच, तर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन, खाच खाली करून यंत्र हवेशीर जागी पूर्ण सुकू द्यावे आणि तोपर्यंत चार्जर लावू नये. हेअर ड्रायर वापरू नये. वाळूचे कण पुसताना पडद्यावर चरे पडतात, म्हणून आधी फुंकर मारून किंवा मऊ ब्रशने ते झटकावेत. उन्हात पडदा उत्तम वाचता येतो, पण किंडलसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले आहे. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या वाळूवर किंवा बंद गाडीत ते ठेवू नये.

प्रश्न : डिसेंबरात हिमालयात ट्रेक आहे. थंडीत ई-रीडर चालतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : शून्याखाली पाने मंद गतीने बदलतात आणि मागच्या पानाच्या छाया राहतात; यंत्र उबेत आले की हा परिणाम बहुधा नाहीसा होतो. रात्री ते स्लीपिंग बॅगेत, पण अंगाखाली येणार नाही असे ठेवावे. शून्याखालच्या तापमानात लिथियम बॅटरी चार्ज केल्यास तिचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून पॉवर बँक लावण्यापूर्वी दोन्ही वस्तू उबदार होऊ द्याव्यात.