घरच्यांचा विरोध असताना ट्रक ड्रायव्हर म्हणून करिअर कसं सुरू करू? घरी न सांगता सुरू केलं तर चालेल का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 23, शिक्षण झालंय, ऑफिसच्या कामात मन लागत नाही, मोठी गाडी चालवायचीये, बाबांनी बोलणं टाकलंय, आई रडते, आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलंयस की न सांगता सुरू केलं तर चालेल का. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नको. मी तेच केलं होतं. घरी सांगितलं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलोय, फिरतीचं काम आहे, म्हणजे तसं बघितलं तर पूर्ण खोटं नव्हतं, ऑफिस होतंच, फक्त मी त्यात बसत नव्हतो. सात महिने निभावलं. मग एकदा पहाटे माल उतरवायच्या जागी पोचलो, रात्रभर चालवून अंग आंबलेलं, घाईत केबिनमधून सरळ खाली उडी मारली आणि घोटा गेला. फोन आईने उचलला, आणि एकाच फोनमध्ये दोन गोष्टी सांगाव्या लागल्या, एक म्हणजे पायाला प्लास्टर घातलंय आणि दुसरी म्हणजे मी सात महिने ट्रक चालवतोय. बाबांना ट्रकचा राग आला तो आलाच, पण त्यापेक्षा जास्त राग खोट्याचा आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाहीये. आज नऊ वर्षांनी पण मी उशीर का झाला सांगायला लागलो की ते एकदा माझ्याकडे बघतात, बस, काही बोलत नाहीत.

(जाता जाता, केबिनमधून उतरताना तोंड गाडीकडे ठेवायचं आणि दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात असे तीन आधार कायम लागलेले पाहिजेत. आपल्याला वाटतं ड्रायव्हरला धोका फक्त रस्त्यावर असतो, पण चढताना-उतरताना घसरून, ताडपत्री बांधताना वरून पडून जायबंदी झालेले भरपूर भेटतील तुला.)

आता घरच्यांबद्दल. मी एक चूक केली ती म्हणजे त्यांचा विरोध ही एकच गोष्ट आहे असं धरून चाललो. ती एक नसते, तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींचा गुंता असतो आणि घरचे पण त्या वेगळ्या करून सांगत नाहीत कारण त्यांना स्वतःलाच नीट कळत नाही की नक्की काय टोचतंय. आईला अॅक्सिडेंटची भीती असते. बाबांना लोक काय म्हणतील हे असतं, एवढं शिकवलं ते याच्यासाठी का वगैरे. मोठा भाऊ किंवा मामा असेल तर तो म्हणणार आता ड्रायव्हर नसलेल्या गाड्या येतायत, तू कशाला या धंद्यात जातोस. आणि सगळ्यांच्या मनात असतं पण कोणी बोलत नाही ते म्हणजे दारू, संगत आणि घरापासून लांब राहणं. या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. आईला पगाराचा आकडा सांगून काही उपयोग नाही, तिचा प्रश्न पगाराचा नाहीचे.

लोक काय म्हणतील याला तर उत्तरच नाही, खरं सांगतो. मी खूप प्रयत्न केला. एकदा बाबांना माल्कम मॅक्लीनची गोष्ट सांगितली, की बघा हा माणूस 1934 साली एक जुना ट्रक घेऊन स्वतः चालवायला लागला, आणि त्यानेच पुढे 1956 मध्ये ट्रकचे 58 डबे चाकं-बिकं सोडून सरळ जहाजावर चढवून पाठवले, आणि आज जगभर जो कंटेनर फिरतो त्या धंद्याची खरी सुरुवात तिथून झाली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तो मालक झाला, तू झालास का? विषय संपला. त्यानंतर मी त्यांना पटवायचा नाद सोडला. वादात जिंकून कोणी घरच्यांचा होकार मिळवलाय असं मी तरी बघितलेलं नाही.

पण भीतीचं तसं नाही. भीतीला उत्तर आहे, कारण ती बऱ्यापैकी बरोबर असते. आईला तू आधी हे सांग की तू बरोबर बोलतेस, काम धोक्याचं आहे, आणि मग तो धोका नक्की कुठे आहे हे स्वतः नीट शिकून घे म्हणजे तुला तिला खरं सांगता येईल. उदाहरण देतो. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि घरी सगळ्यांना वाटायचं की ती हवा गेली की ब्रेक फेल. उलटं आहे. मोठ्या गाडीचा पार्किंगचा ब्रेक दणकट स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने तो सोडवून धरलेला असतो, त्यामुळे हवा एका मर्यादेखाली गेली की ब्रेक आपोआप लागतो, गाडी जागची हलत नाही. ब्रेक खरे जातात ते उतारावर. भरलेली गाडी वरच्या गियरमध्ये किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडायची आणि सारखा ब्रेक दाबत खाली यायचं, मग चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासून गाडी थांबवणारं लायनर पकडत नाही, आणि पाय खालपर्यंत गेला तरी गाडी थांबत नाही. उपाय म्हणजे उतार सुरू व्हायच्या आधीच गियर पाडायचा, म्हणजे खालचा गियर टाकायचा, आणि गाडी इंजिनवर धरायची. आधीच. मध्यावर आल्यावर गियर पाडायला जाशील आणि तो पडला नाही तर संपलं.

दुसरा खरा धोका झोपेचा. याच्यावर एक अभ्यास आहे, 1997 चा, की सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. म्हणजे दारूला हात न लावता पिऊन गाडी चालवल्यासारखंच झालं की. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, अमेरिकेत माल नेणाऱ्याला सलग 10 तासांच्या सुट्टीनंतर जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं, असे नियम काही उगीच आलेले नाहीत. तू जिथे लागशील तिथला नियम काय आहे आणि मालक तो पाळतो का हे नोकरी घ्यायच्या आधी तिथल्या ड्रायव्हरांना विचार, ऑफिसात नाही. पहाटे दोन ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा शहाणी माणसं पण डुलक्या काढतात. आमच्या घरी यातून एक गोष्ट झाली, आईने कुठे आहेस, कधी येणार हे विचारायचं सोडलं आणि किती झोपलास हे विचारायला लागली. हा एकच प्रश्न आहे ज्याला मी आजपर्यंत खोटं उत्तर दिलेलं नाही.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. घरचं भांडण केबिनमध्ये येतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात माणूस घरी भांडून आला तर फार तर फाईल चुकते. 80 च्या स्पीडला तू सेकंदाला 22 मीटर जातोयस, समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर 33 मीटर गाडी तशीच पुढे गेलेली असते, मग हवा ब्रेकपर्यंत पोचायला अजून थोडा वेळ, आणि मग कुठे गाडी थांबायला सुरुवात होते, पाठीवर पंचवीस-तीस टन घेऊन. त्यात डोक्यात बाबांचं वाक्य फिरत असेल तर तो दीड सेकंद दीड राहत नाही. माझं एकदा झालंय. निघायच्या आधी भावाशी फोनवर जोरात वाजलं, मी तसाच स्टेअरिंगवर बसलो, आणि मनातल्या मनात त्याला उत्तरं देत देत ज्या फाट्याला वळायचं तो मागे सोडून बरंच पुढे गेलो. कोणाला लागलं नाही, नशीब. पण मधला रस्ता मला आठवतच नव्हता. म्हणजे गाडी कोण चालवत होतं?

तेव्हापासून दोन गोष्टी ठरवल्यात. निघायच्या आधी अर्धा तास घरचा फोन नाही, घ्यायचा नाही आणि करायचा पण नाही, थांबल्यावर करायचा. आणि काही वाजलंच तर आधी गाडीभोवती एक चक्कर, टायर, नट, लाइट, हवा कुठे लीक होतेय का, मालाची बांधणी, हे असंही करायचंच असतं, पण हात कामाला लागले की डोकं पण हळूहळू ठिकाणावर येतं. घरी मी हे सरळ सांगून टाकलं की तुम्ही मला शिव्या द्या पण गाडी उभी असताना द्या. बाबा हसले नाहीत पण पाळतात.

म्हणूनच म्हणतो की रागारागात घर सोडून या कामात येऊ नको. होकार नसला तरी चालेल, मला अजून मिळालेला नाही, पण रोज पेटलेलं भांडण घेऊन चालवता येत नाही.

सुरुवात कशी करायची विचारलंस तर आधी एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक पूर्ण फेरी कर, जिथे परवानगी असेल तिथे. पूर्ण म्हणजे पूर्ण, रात्र, पाऊस, आणि माल उतरवायला नंबर लागायची वाट बघत आठ-दहा तास नुसतं बसणं सुद्धा. आमच्या कामात चालवण्यापेक्षा थांबण्यालाच माणूस जास्त कंटाळतो आणि ते बाहेरून दिसत नाही. परत आल्यावर पण जायचं वाटलं तर जा. एकदम लांबचं घेऊ नको, जवळच्या फेऱ्या, रात्री घरी येता येईल असं काही मिळतंय का बघ, पैसे कमी मिळतील पण पहिल्या वर्षी मागे घ्यायला आणि वळायला शिकायचंय, आणि घरच्यांना तू दिसत राहशील. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, हे दोन्ही कळायला मला महिने लागले. शंका आली की उतरून बघायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

आणि स्वतःचा ट्रक एवढ्यात नको. घरच्यांना मालक होऊन दाखवायची खुमखुमी येते (मला आली होती, बाबांच्या त्या 'तू झालास का' मुळे). हप्ता ठरलेल्या तारखेला येतो पण भाडं नाही येत, येताना रिकामी गाडी आणावी लागली तरी डिझेल आणि टायर जातातच. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढ, कुठला मार्ग परवडतो ते हिशोबाच्या वहीत दिसायला लागेल.

ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांचं म्हणशील तर सरळ मोठ्या रस्त्यावर त्या चालतील, पण अरुंद गल्लीत मागे घेणं, बांधणी सुटली की परत बांधणं, माल घेणाऱ्याशी हुज्जत घालणं हे करायला माणूस लागणारच. निदान अजून बरीच वर्षं. मामाला एवढं सांग आणि सोडून दे.

अजून एक, आणि हे सगळ्यात आधी कर. डोळे, ब्लड प्रेशर, शुगर तपासून घे, घोरत असशील आणि झोपून पण झोप होत नसेल तर ते पण दाखव, आणि रंग ओळखायची टेस्ट करून घे. माझ्यासोबत शिकायला एकजण होता, घरी दोन महिने महाभारत करून, ताट आपटून वगैरे परवानगी मिळवली पठ्ठ्याने आणि मेडिकलला गेला तर लाल-हिरव्यातच अडकला. तू आधी ते चार तपासण्यांचे कागद हातात घे, भांडायचं असेल तर नंतर भांड.