अंगठा घेऊ नका, वहिनी

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. आमचं घर सावईवेऱ्याला, थोडं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. यजमान ७१ वर्षांचे. तीन वर्षांपासून विसर वाढत गेला, आता मलाच विचारतात, "तू खंयची गो?" डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. बँकेतली ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि रात्रीला बाई ठेवायची तर पैसा हवा. २०१९ साली त्यांनी मला मुखत्यारपत्र करून दिलं होतं. दीर म्हणतात, "ते चालतं. नाहीतर नव्या कागदावर अंगठा घे, आणि कुळागराचा खालचा तुकडा विकून मोकळी हो." मुलगा पुण्याला आहे. काय करू?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : वहिनी, आधी अंगठ्याचं. तो घेऊ नका. कशावर अंगठा देतोय हेच ज्याला कळत नाही, त्याचा करार कायद्याने करारच नव्हे. उद्या त्यावर विक्री झाली तर घेणारा तुम्हालाच कोर्टात ओढेल, आणि दीर तेव्हा साक्षीला उभे राहतील असं मला वाटत नाही.

आता २०१९ चं मुखत्यारपत्र. ते खरं होतं, पण करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे जेव्हा तिची खरी गरज पडते, नेमकी तेव्हाच! इंग्लंडमध्ये मन गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी करता येते, आपल्याकडे ती सोय नाही. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. बाबांना झटका आला तेव्हा त्यांचं मुखत्यारपत्र घेऊन मी ऐटीत बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, "बाबा बोलतात का आता?" मी खरं ते सांगितलं. तिने कागद परत माझ्याकडे सरकवला. तीस वर्षं वकिली केलेला माणूस मी, आणि तिचंच बरोबर होतं.

मग यजमानांच्या वतीने व्यवहार पाहणारा कायदेशीर पालक कोण नेमणार? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येई. २०१७ च्या नव्या कायद्याने तो रद्द केला आणि ही सोय गेली. नव्या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता, ठेवीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमते, पण ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगत्व यांच्यासाठी. डिमेन्शिया त्यात नाही.

उरतो रस्ता पर्वरीचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात घटनेच्या कलम २२६ खाली रिट अर्ज करून तुम्हाला यजमानांची पालक नेमून घ्यायची. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांसाठीच्या अशा अर्जांना एक चौकट आखून दिली: वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याने घरी येऊन केलेली पाहणी, सगळ्या वारसांची माहिती, मालमत्तेची यादी, आणि नेमणुकीनंतर वेळोवेळी हिशेब. पर्वरीलाही याच अंगाने विचारतील असं धरून तयारी करा. मुलाचं 'हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र आधीच घ्या, नाहीतर त्यासाठीच तारखा पडत राहतात. ठेव मोडण्याची परवानगी अर्जात स्पष्ट मागा. रात्रीच्या बाईचा पगार, औषधं, डायपर सगळं आकड्यांत लिहा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर स्त्री म्हणून तुम्हाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

कुळागराचं वेगळं. तुमचं लग्न गोव्याच्या कायद्याने, विवाहपूर्व करार न करता झालं असेल, तर मिळकत दोघांच्या सामाईकीची, अर्धा हिस्सा तुमचाच. दीर हे सोयीने विसरलेत. पण अर्धी तुमची म्हणून एकटीने विकता येत नाही, विक्रीला नवऱ्याची संमती लागतेच, आणि ती आज देणार कोण? न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या तुकड्याला हात लावू नका. खरं सांगायचं तर, ठेवीवर भागत असेल तर जमिनीची परवानगी मागूच नका. सुपारी अजून पडते आहे ना?

या आठवड्यात फक्त डॉक्टरांचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, आणि दिरांना कुळागराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, आणायला पाठवा. त्यांना धावपळ करायचीच आहे, तर ही करू देत.