मित्र लायक आहे, मग अडचण कसली?

प्रश्न : ताई, एका सार्वजनिक संस्थेच्या निवड समितीचा मी अध्यक्ष आहे. संचालकपदासाठी आलेल्या अर्जांत माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राचा अर्ज आहे. तो लायक आहे, हे त्याचे विरोधकही मान्य करतील. मी त्याला म्हटलं, 'तुझ्या मुलाखतीला मी बसणार नाही.' त्यावर तो म्हणाला, 'मग तीस वर्षांच्या मैत्रीचा उपयोग काय?' तेव्हापासून बोलणं बंद आहे. मी बसलो, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तर चालेल का?

उत्तर : अवाक्षर न काढण्याचा उपाय वाचून मला हसू आलं. मीही तोच काढला होता.

मी सदस्य असलेल्या एका समितीपुढे माझ्या मैत्रिणीचा अर्ज आला. कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, गप्प बसू. ती आत आली आणि मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. बाकीचे चौघे प्रश्न विचारत होते आणि तिच्या प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे नजर टाकत होते. आमची मैत्री सगळ्यांना ठाऊक होती. गुण भरायच्या वेळी शेजारच्या सदस्यांनी माझा कोरा कागद पाहिला, क्षणभर पेन रोखलं आणि स्वतःच्या कागदावर ७ चे ८ केले. मी पाहिलं. बोलले नाही. न बोलण्याचं ठरलंच होतं ना!

तिची निवड झाली. ती हुशार होती, मी नसते तरी कदाचित झाली असती. पण ते 'कदाचित' तिला शेवटपर्यंत चिकटलं. काम उत्तम झालं तरी लोक म्हणायचे, हिला काय, वशिला आहे. मित्र लायक असला की प्रश्न मिटतो, असं तुम्हाला वाटतंय. उलट लायक माणसाचंच जास्त नुकसान होतं; नालायकाकडे गमावण्यासारखं नाव तरी कुठे असतं?

याहून वाईट पुढे घडलं. काही वर्षांनी मी एक चुकीचा निर्णय घेतला. फाइल तिच्या टेबलावरून गेली होती, चूक तिच्या लक्षात आली होती, तरी तिने सही केली. का बोलली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, 'तुझ्यामुळे इथे बसलेय. तुला कसं अडवू?' कॉलेजात माझ्या निबंधांवर लाल शाईने रेघोट्या मारणारी हीच मुलगी!

महाभारतातला तो प्रसंग आठवा. कृपाचार्यांनी कर्णाला कुळ विचारलं आणि दुर्योधनाने भर रंगमंडपात त्याला अंगदेशाचा राजा करून टाकलं. कर्णाची लायकी वादातीत होती. बदल्यात काय देऊ, असं त्याने विचारलं तर दुर्योधन म्हणाला, तुझं सख्य. ऐकायला केवढं उदार! पण उद्योगपर्वात कृष्ण जन्माचं गुपित सांगतो, तेव्हा कर्ण म्हणतो की दुर्योधनाच्या आश्रयाने मी तेरा वर्षं राज्य भोगलंय, आता त्याला सोडता येणार नाही. आपली बाजू हरणार, हे दिसत असूनही. मिंधेपण म्हणतात ते हेच, आणि ते देणाऱ्यालाही बुडवतं.

तुमच्या मित्राची तक्रार मात्र जुनीच आहे. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा राजा आगेसिलाओस याचं एक शिफारसपत्र ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवलंय: निकियासने गुन्हा केला नसेल तर त्याला सोड, केला असेल तर माझ्याखातर सोड, काहीही असो, सोड. इतकं प्रामाणिक शिफारसपत्र मी दुसरं वाचलेलं नाही. दुसऱ्या टोकाला अथेन्सचा क्लेऑन. राजकारणात उतरताना त्याने मित्रांना गोळा करून मैत्री संपल्याचं जाहीर केलं. प्लूटार्क त्यावरही खूश नाही, कारण मित्र गेले आणि त्यांच्या जागी खुशमस्करे आले. तेव्हा तुम्ही मैत्री तोडायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमची खरी चूक सांगते. फक्त मित्राच्या मुलाखतीला उठून जाणं पुरेसं नाही. बाकीच्या उमेदवारांना तुम्ही ५ दिलेत की ९, यावरही त्याचं भवितव्य ठरतंच की! या पदाच्या निवडीतून पूर्ण बाहेर पडा. अर्जांची छाननी व्हायच्या आत समितीला लेखी कळवा, अध्यक्षपद त्या कामापुरतं दुसऱ्याकडे द्या आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. मुलाखतींच्या दिवशी त्या इमारतीतही नको. संध्याकाळी 'कसं काय झालं?' असा फोनही नको. त्या सहज चौकशीचा अर्थ सगळ्यांना बरोबर कळतो.

आणि मित्राकडे स्वतः जा, निकाल लागायच्या आत. नंतर गेलात तर निवड झाली असल्यास श्रेय घ्यायला आलात असं वाटेल, नसल्यास सांत्वनाला. माझ्या मैत्रिणीचा ८ वाला किस्सा त्याला सांगा हवं तर. चिडला तर चिडू द्या. तीस वर्षांत तो तुमच्यावर पहिल्यांदाच चिडतोय, असं थोडंच आहे?