फिटची वही

प्रश्न : रावेरकडे आमची केळी आहे. मुलगी बारावी सायन्सला. माझ्या पुतण्याला लहानपणापासून फिट येतात. आम्ही चप्पल हुंगवायला धावतो, ही घड्याळ बघून वहीत लिहिते. नाकातून मेंदूची गाठ काढतात असा व्हिडिओ पाहिल्यापासून न्यूरोसर्जनच, म्हणजे मेंदूची ऑपरेशनं करणारी डॉक्टरच, व्हायचं म्हणते. हे खरं असतं का? किती वर्षं लागतील? मुलीच्या जातीला झेपेल का?

उत्तर : भाऊ, नमस्कार. आधी ती चप्पल बाजूला ठेवा. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. तुमच्या घरात घड्याळ बघणारी पोरगीच शहाणी.

व्हिडिओ खरा आहे. पिट्युटरी ग्रंथी वाटाण्याएवढी, नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी असते. तिथली गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाबली की दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, घरचे म्हणतात धांदरट आहे. दुर्बिणीने ती नाकातून काढता येते. पण प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन तयार करणारी गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आक्रसते. कुठे हात लावायचा नाही हे कळणं, हीच या धंद्यातली खरी अक्कल. व्हिडिओत ती दिसत नाही.

फिटचंही तसंच. साधारण दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात. दोन योग्य औषधं पुरेशा डोसात देऊनही थांबल्या नाहीत, तर शस्त्रक्रिया होण्यासारखी आहे का ते तपासतात. मग डोक्याला वायरी लावून, समोर कॅमेरा ठेवून, चक्क फिट येण्याची वाट बघतात. आधी कुठला हात आखडला? मान कुठे वळली? वाचा कधी बसली? त्यावरून आणि एमआरआयवरून सुरुवातीची जागा शोधायची. ती काढली तर बोलणं, आठवण जाईल का, हेही पाहायचं. चाकू सगळ्यात शेवटी.

वर्षं मोजा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, मग सर्जरीची पदवी एमएस तीन, त्यावर न्यूरोसर्जरीची एमसीएच तीन. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचाही मार्ग आहे, बेरीज तीच. म्हणजे तिशी गाठली. मात्र एमएसपासून विद्यावेतन मिळतं, सगळा भार तुमच्यावर नाही. चाकूपेक्षा आजार शोधण्यात जास्त रमली तर एमडी मेडिसिन करून डीएम न्यूरॉलॉजी, म्हणजे ऑपरेशन न करणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरची पदवी, घ्यावी. ते आत्ता ठरवू नका. आत्ता फक्त ‘नीट’, मेडिकलची प्रवेश परीक्षा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

मुलीच्या जातीचं म्हणाल, तर भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जनांपैकी एक, डॉ. टी. एस. कनका यांनी मद्रासला १९६८ मध्ये न्यूरोसर्जरीची एमसीएच घेतली होती. तुम्ही विचारताय २०००च्या पुढे.

पुतण्याला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्याल तेव्हा ती वही न्या. आणि वहीवालीलाही. डॉक्टर काय काय विचारतात ते तिला बसून ऐकू द्या.